आदराचा अडसर : एका ज्येष्ठ जॅझ पियानोवादकाच्या अल्बमची हकिगत

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका ध्वनिमुद्रणाची ही हकिगत आहे. निर्मितीची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बहुतेक माझ्या आहेत. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. पियानोवादकांना मी पहिल्या भेटीपासून अंकल म्हणते. इथंही तेच ठेवते.

अंकल ऐंशीच्या उंबरठ्यावरचे. जन्म गोव्यातल्या सासष्टीतल्या एका गावचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा (डो-रे-मी असं स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवत. अंकल तिथंच नोटेशन वाचायला शिकले. बाराखडीच्या आधी मला पाच रेघांवरचे ठिपके वाचता यायचे, असं ते अजून अभिमानानं सांगतात. विशीच्या आत मुंबईला आले आणि धोबीतलावच्या जेर महालात आपल्या गावच्या कुडीत उतरले. कूड म्हणजे गोव्यातल्या एखाद्या गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत चालवलेली राहण्याची जागा. डोक्याशी ट्रंक, अंगाखाली चटई आणि संध्याकाळी वेदीसमोर सगळ्यांची मिळून प्रार्थना.

मुंबईत जॅझ रुजून तोवर पाव शतक उलटलं होतं. १९३५ मध्ये अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबीचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला, पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखा अमेरिकन पियानोवादक इथं राहिला. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं ऐकून गोव्याच्या वादकांनी ही भाषा उचलली. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं हॉटेलांतली रात्रीची कामं आटली आणि हेच वादक मोठ्या संख्येनं सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. संगीतकार सी. रामचंद्रांच्या शेजारी गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट उभे राहिले, तो हाच रस्ता. अंकल त्या रस्त्याच्या दुसऱ्या पिढीतले. १९६३ च्या दौऱ्यात अमेरिकन जॅझचे थोर पियानोवादक आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टन मुंबईत वाजवून गेले तेव्हा अंकल सभागृहात अगदी मागे उभे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या शिफ्टला स्टुडिओत हजर होते.

पुढची पंचवीसेक वर्षं त्यांनी सिनेमासाठी पियानो वाजवला. पडद्यावर नायक पियानोसमोर बसलेला असे आणि बोटं अंकलची असत. शिफ्ट संपली की पाकीट हातात पडे, नाव कुठंच येत नसे. कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंग आल्यावर मोठे वाद्यवृंद हळूहळू विरले. मग हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळचे दोन तास आणि घरी परीक्षेच्या मुलांच्या शिकवण्या. या सगळ्या काळात ते स्वतःच्या रचना वह्यांत लिहीत राहिले. वह्या पाच. त्यांतली एकही रचना कधी ध्वनिमुद्रित झाली नव्हती, कारण त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही ध्वनिमुद्रण नव्हतं.

या वह्या पहिल्यांदा पाहिल्या त्या पुण्याच्या एका तरुण डबल बासवादकानं. तो अंकलकडे हार्मनी शिकायला जात असे. त्यानं मला फोन केला. "ताई, तुम्ही एकदा येऊन ऐका." मी गेले, ऐकलं आणि परतीच्या लोकलमध्येच अल्बम करायचा हे ठरवून टाकलं.

चार वादक ठरले. पियानोवर अंकल. बासवर हा पुण्याचा मुलगा, वय २९. ड्रम्सवर डोंबिवलीचा एक मुलगा, वय २७, आधी नऊ वर्षं तबला शिकलेला. टेनर सॅक्सोफोनवर ईशान्य भारतातून मुंबईत आलेली एक वादक, वय ३१. तिघंही तयारीचे. जाहिराती, लग्नं, कॉलेजचे महोत्सव सांभाळून जॅझ जिवंत ठेवणारी ही पिढी आहे. रचना नऊ निवडल्या, सगळ्या अंकलच्या. प्रसिद्ध जुन्या चिजा घेण्याचा मोह होता, पण कॉपीराइट कायद्याच्या ३१सी कलमाखाली जुन्या गाण्याची नवी आवृत्ती करायची तर आधी नोटीस द्यावी लागते आणि प्रत्येक गाण्यासाठी वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. आमच्या हिशेबात ते बसत नव्हतं. शिवाय पन्नास वर्षं दुसऱ्यांचं वाजवलेल्या माणसाच्या पहिल्या अल्बमवर पुन्हा दुसऱ्यांच्याच रचना असाव्यात, हे मनाला पटेना.

पहिला दिवस आणि अडचण

ग्रँड पियानो असलेला एक स्टुडिओ सलग दोन दिवस घेतला. मांडणी आजकालच्या पद्धतीची : पियानो मुख्य दालनात, ड्रम्स काचेपलीकडच्या बूथमध्ये, सॅक्सोफोन दुसऱ्या बूथमध्ये, बास पडद्याआड. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन आणि हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे ठरावीक गतीची टकटक. असं केलं की प्रत्येक वाद्य स्वच्छ, वेगळं मिळतं आणि नंतर चुका दुरुस्त करता येतात. माझ्यासकट सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलेलं, की दुसरा काही मार्ग असू शकतो याची चर्चासुद्धा झाली नाही.

सकाळी दहाला सुरुवात केली. रात्री आठपर्यंत चार रचनांचे मिळून २३ टेक, म्हणजे मुद्रणाचे प्रयत्न, झाले आणि त्यांतला एकही ठेवण्याजोगा नव्हता.

कानाला जाणवत होतं ते असं. अंकल सोलोच्या, म्हणजे आपल्या एकल वादनाच्या, मध्यावर मागं पडत. कधी अर्धी मात्रा, कधी त्याहून जास्त. क्लिक पुढे, ड्रमर क्लिकबरोबर, बास दोघांच्या मध्ये ओढला गेलेला. घरी ऐकलेला त्यांचा डौल, म्हणजे डावा हात किंचित रेंगाळतो आणि उजवा त्याला हलकेच गाठतो, तो कुठंच दिसेना. शिवाय दुपारनंतर पियानोच सुरातून हलला. स्टुडिओतला एसी रात्रभर बंद होता आणि सकाळी जोरात सुरू केला. पावसाळा संपत आला होता, लाकडात दमटपणा मुरलेला, त्यातली हवा दिवसभर कोरडी होत गेली. सकाळी ४४० हर्ट्झवर लावलेला पियानो चारला सॅक्सोफोनशी भांडत होता आणि ट्यूनर कधीच निघून गेला होता. ही चूक साधी होती आणि पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती.

पण सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. तिन्ही मुलं फार जपून वाजवत होती. अंकलचा सोलो चालू झाला की ड्रमर काठ्या ठेवून मऊ ब्रशवर उतरे आणि कमीत कमी वाजवे. बासवाला प्रत्येक कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गुच्छ) सरळ, पहिल्या स्वरावर ठेवी. सॅक्सोफोनवाली स्वतःच्या सोलोला दोन आवर्तनांत थांबे आणि मान लववून पियानोकडे सोपवी. एकही चूक नव्हती, आणि त्या संगीतात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास अंकलनी हेडफोन काढून पियानोवर ठेवले आणि मला म्हणाले, "बाय, ह्या पोरांना सांग, मी अजून मेलो नाय. माझ्याभोवती मेणबत्त्या लावून बसल्यासारखी वाजवतात."

मी ते मुलांना सांगितलं नाही. मला वाटलं, थकव्यातून बोलले असतील. सत्राच्या आधी मीच तिघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं : "वय झालंय त्यांचं, सांभाळून घ्या." मुलं मला दिलेला शब्द पाळत होती. या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक कुठली असं कुणी विचारलं तर ते वाक्य.

आपल्याकडे साथीची जी रीत आहे तिचाही यात वाटा होता असं मला वाटतं. ड्रमर मुलगा तबल्याच्या तालमीतला. मोठ्या गवयाच्या मागं बसायचं तर ठेका चोख धरायचा, बुवांनी नजर टाकली तरच बोल काढायचे, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्या संगीतात तेच बरोबर आहे. जॅझच्या छोट्या संचात मात्र सोलो वाजवणाऱ्याला मागून प्रश्न यावे लागतात. ड्रम्सनं मध्येच एक टोला टाकावा, बासनं अनपेक्षित स्वर धरावा, तेव्हा सोलोला पुढचं वाक्य सुचतं. प्रश्नच आले नाहीत तर पियानोवादक एकटाच बोलत राहतो आणि हळूहळू त्याचा आवाज पडतो.

त्या रात्री काय कळलं

दुसऱ्या दिवसाचं काय करायचं हे त्या रात्रीच ठरवणं भाग होतं. ध्वनिमुद्रकाचं मत होतं की वयामुळे लय सुटते आहे, उद्याही तेच होईल, संपादनात शक्य तितकं बसवू. मलाही मनातून तसंच वाटत होतं. अंकलना सोडायला मी त्यांच्या घरी गेले.

आंटीनं दार उघडलं. आत टीव्ही इतक्या मोठ्यानं चालू होता की जिन्यात ऐकू येत होता. अंकल कपडे बदलायला गेले तेव्हा आंटीनं मला सहज विचारलं, "यंत्र घातलं होतं ना त्यांनी? नाय तर दारावरची बेल पण कळत नाय त्यांना."

कानाच्या यंत्राविषयी मला काहीच माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि अंकलनी सांगितलं नव्हतं. वादकाला हे सांगणं किती जड जात असेल! हेडफोन घातले की यंत्र शीळ घालायला लागतं, म्हणून त्यांनी सकाळीच ते काढून खिशात ठेवलं होतं आणि दिवसभर त्याच अवस्थेत वाजवलं होतं. (हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ते म्हणाले, लिही, दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याला उपयोग होईल.)

एकदा हे कळल्यावर दिवसभराचा गुंता सुटत गेला. वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्ट्यांत. पियानोच्या अगदी शेवटच्या पट्टीचा मूळ स्वर सुमारे ४,१८६ हर्ट्झचा. ड्रम्सच्या राइड सिंबलवर काठी आपटते तेव्हाची टिंग बरीचशी त्याच भागात आणि त्याच्या वर असते. स्विंगची लय ड्रमर राइडवरच धरतो. म्हणजे बाकी सगळे ज्या आवाजाच्या आधारानं चालत होते, तो आवाज अंकलपर्यंत पोचतच नव्हता. क्लिकचीही तीच गत, तीसुद्धा टोकदार, उंच. हेडफोनमध्ये त्यांना मुख्यतः स्वतःचाच पियानो ऐकू येत होता आणि काचेपलीकडचा ड्रमर नीट दिसतही नव्हता. चाळीस-पन्नास हर्ट्झपासून सुरू होणारा डबल बास त्यांना व्यवस्थित ऐकू आला असता, पण मिश्रणात आम्ही तो कमी ठेवला होता, कारण तरुण वादकांना तसा आवडतो.

लय सुटत नव्हती. आम्हीच त्यांच्याकडून ती काढून घेतली होती.

समोर आलेले पर्याय

पहिला निर्णय रात्री साडेदहाला घेतला : दुसरा दिवस रद्द. स्टुडिओचं अर्धं भाडं बुडालं. आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. पहिल्या दिवसाच्या ओझ्यासकट दुसऱ्या दिवशी परत बसलो असतो तर अंकलचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वास गेला असता. पुढच्या दोन दिवसांत मग चार वाटा चर्चेत आल्या.

ध्वनिमुद्रकाची सूचना अशी होती की बास, ड्रम्स आणि सॅक्सोफोन क्लिकवर आधी मुद्रित करावेत आणि अंकलनी नंतर निवांतपणे, पाहिजे तितक्या वेळा, त्यावर पियानो वाजवावा. तांत्रिकदृष्ट्या हे सगळ्यात सुरक्षित होतं. पण मग अंकल आधीच ठरून गेलेल्या संगीताच्या मागं धावत बसले असते, आणि मुलांना त्यांच्या वाजवण्याला उत्तर देण्याची सोयच उरली नसती.

आंटीचं म्हणणं होतं की एकट्या पियानोचा अल्बम करा. खर्च कमी, दगदग कमी. मला हे बरंच पटलं होतं. अंकलनी एका वाक्यात निकाल लावला : "एकटा तर मी रोज वाजवतो."

आहे त्याच व्यवस्थेत पुन्हा प्रयत्न करून उरलेलं संपादनात सुधारायचं, ही तिसरी वाट. तिच्यावर जास्त वेळ घालवला नाही.

चौथी बासवाल्यानं मांडली. सगळे एका दालनात, एकमेकांना दिसतील असे. हेडफोन नाहीत, क्लिक नाही. टेक पूर्ण घ्यायचा, बरा झाला तर ठेवायचा, नाही तर टाकायचा. अंकलच्या तरुणपणी असंच होत असे. ध्वनिमुद्रकाचा आक्षेप होता आणि तो खरा होता. ड्रम्सचा आवाज पियानोच्या माइकमध्ये शिरणार, मग पियानोतला एखादा चुकलेला स्वर बदलायचा म्हटलं तर त्याच्यासोबत ड्रम्सही बदलतील. म्हणजे दुरुस्तीचा दरवाजा जवळजवळ बंद. आम्ही चौथी वाट धरली. त्या आक्षेपाची किंमत पुढे मोजावी लागली, ते येईलच.

दालनाचा प्रश्न असा सुटला. मुलांच्या वाजवण्याचा प्रश्न अजून तसाच होता. नुसतं "मोकळेपणानं वाजवा" म्हणून कुणी मोकळं होत नसतं.

घरच्या तालमी

नव्या तारखा दहा दिवसांनंतरच्या मिळाल्या. मधल्या काळात चार संध्याकाळी अंकलच्या घरी बसायचं ठरलं. त्यांच्या जुन्या उभ्या पियानोभोवती, ड्रम्सऐवजी एक स्नेअर (छोटा ड्रम) आणि एक सिंबल (झांज) घेऊन. शेजाऱ्यांना आंटीनं आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिल्या संध्याकाळी काहीच बदललं नाही. मुलं सर, सर करत होती. दुसऱ्या संध्याकाळी बासवाल्यानं एक ध्वनिमुद्रण ऐकवायला आणलं. १७ सप्टेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये एलिंग्टननं बासवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमर मॅक्स रोच यांच्याबरोबर केलेलं, 'मनी जंगल' या नावानं निघालेलं. एलिंग्टन ६३ वर्षांचा, मिंगस ४० चा, रोच ३८ चा. मिंगसला एलिंग्टननं १९५३ मध्ये आपल्या बँडमधून काढून टाकलं होतं, तरीही तो त्याचा परमभक्त. आणि वाजवतो कसा? तारा उपटून काढल्यासारखा. एलिंग्टनच्या हाताखालची जमीन तो हलवत राहतो आणि म्हातारा हटत नाही, आणखी खडे, आणखी बोचरे स्वर टाकतो. त्या सत्रात मिंगस मध्येच बास उचलून निघून गेला आणि एलिंग्टननं त्याला समजावून परत आणलं, असं सांगतात. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी एलिंग्टन ३६ वर्षांच्या सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर मुद्रणाला बसला. ते संगीत किती शांत! कोल्ट्रेनला टेक पुन्हा पुन्हा घ्यायची सवय. इथं तसं झालं नाही आणि त्यामुळे ताजेपणा टिकला, हे त्यानं नंतर मान्य केलं.

अंकलनी यंत्र घालून, स्पीकरला टेकून ऐकलं. संपल्यावर ड्रमरकडे बघून म्हणाले, "ऐकलंस, पुता? कोण सोडत नाय त्याला. म्हणून तो असा वाजवतो."

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं की "सांभाळून घ्या" हे माझे शब्द होते आणि मी ते मागे घेते. मेणबत्त्यांचं वाक्यही सांगितलं. मुलं ओशाळली. अंकल हसले. वातावरण थोडं सैल झालं, पण वाजवण्यात फरक पडला तो तिसऱ्या संध्याकाळी, आणि तो घडवला बासवाल्यानं.

एका मध्यलयीच्या रचनेत, सा वर उतरण्याच्या आधी जिथं बासनं पंचम धरायचा, तिथं त्यानं न विचारता कोमल ऋषभ धरला. जॅझमध्ये ही युक्ती जुनी आहे. पंचमावरच्या कॉर्डच्या जागी कोमल ऋषभावरची कॉर्ड बसते, कारण दोन्हींतले दोन महत्त्वाचे स्वर सारखेच असतात, आणि मग बास अर्ध्या पायरीनं घसरत सा वर येतो. अंकलच्या डाव्या हाताखालची जमीन एकदम सरकली. ते थांबले नाहीत. मान वर करून मुलाकडे पाहिलं, पुढच्या आवर्तनात त्याच जागी स्वतःच आणखी लांबची कॉर्ड टाकली आणि वाट बघत राहिले. बासवाल्यानं ती पकडली. ड्रमरनं न राहवून स्नेअरवर एक फटका मारला. सॅक्सोफोनवालीनं आपल्या सोलोची दोन आवर्तनं संपल्यावर थांबायला नकार दिला आणि पाच घेतली. स्वयंपाकघराच्या दारात आंटी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्या संध्याकाळनंतर सर हा शब्द बंद झाला. तिघंही अंकल म्हणायला लागले.

दुसरं मुद्रण

या वेळी एसी आदल्या दिवसापासून चालू ठेवला. ट्यूनर सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत, असा दोनदा आला. वेळ अकरा ते दोन आणि चार ते सहा, मध्ये अंकलना आडवं व्हायला खोली. त्यांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो आणि सकाळी बोटं मोकळी व्हायला वेळ लागतो. पहिल्या वेळी दहा तासांचं वेळापत्रक आखताना मी तिशीतल्या वादकांचा हिशेब धरला होता.

बासवाला पियानोच्या वळणात उभा राहिला, अंकलच्या डाव्या हाताकडे नजर ठेवता येईल असा. ड्रम्स बारा-तेरा फुटांवर, मध्ये फक्त कमरेइतके आडोसे, म्हणजे आवाज थोडा अडेल आणि डोळे अडणार नाहीत. पियानोचं झाकण छोट्या टेकूवर, वर जाड ब्लँकेट. ड्रमरनं आपली चमकदार राइड घरी ठेवली आणि एक जाड, खोल आवाजाची जुनी राइड मागून आणली. अंकलना लय बासमधून मिळत होती आणि शंका आली तर हाय-हॅटवरचा (पायानं वाजवायच्या झांजांच्या जोडीवरचा) ड्रमरचा पाय दिसत होता. यंत्र त्यांनी कानात ठेवलं. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून त्यात असलेली इतर आवाज दाबण्याची सोय पियानोचा लांबणारा स्वर विचित्र करते, म्हणून आधी यंत्र बसवून देणाऱ्याकडे जाऊन संगीतासाठीची वेगळी जोडणी करून घेतली होती. हे काम अर्ध्या तासाचं होतं.

नऊ रचना दोन दिवसांत झाल्या, पाच पहिल्याच टेकला. गती एकाही रचनेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी नाही. एक तर चांगलीच वाढत जाते, आणि ती माझी सगळ्यात लाडकी आहे.

किंमत मोजावी लागली ती वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या लयीतल्या रचनेत. अंकलनी आपल्या वारलेल्या भावासाठी लिहिलेली रचना, दुसऱ्या दिवशी शेवटी घेतली. सॅक्सोफोनवालीनं त्यात आयुष्यात वाजवला नसेल असा सोलो वाजवला. नंतर शेवटच्या काही मात्रांत अंकलचा अंगठा साथ देईना आणि शेवट कोसळला. वेगळ्या बूथमध्ये असतो तर तो भाग नंतर बसवता आला असता. दुसरा टेक घेतला, त्यात सोलोची ती जादू नव्हती. अंकलनी ऐकून सांगितलं, "हे नको ठेवू." सॅक्सोफोनवाली काही बोलली नाही, पण बराच वेळ बाहेर जिन्यात बसून होती.

निष्पत्ती

अल्बममध्ये आठ रचना आहेत, एकूण ४६ मिनिटं. मुखपृष्ठावर चौघांची नावं एकाच आकारात, अंकलचं पहिलं. त्यांनी स्वतः हा आग्रह धरला. नाव नसण्याचा अनुभव त्यांना होता. रचनांचे हक्क त्यांचे, वादनाच्या हक्कातून येणारा वाटा चौघांचा सारखा. हे कागदावर मात्र दुसऱ्या मुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी, जेवताना आलं, कारण मी करार लांबवत राहिले होते. तोवर ड्रमर आणि बासवाला यांच्यात यावरून एकदा कुरबूर होऊन गेली होती. नाहक.

विक्री बेताची आहे. रद्द झालेल्या दिवसासकट खर्च अजून भरून निघालेला नाही. प्रकाशनाचा कार्यक्रम छोट्या जागेत झाला, खुर्च्या कमी पडल्या, आणि अंकलनी तिथं वॉल्ट्झ पूर्ण वाजवली.

वेगळं काय करता आलं असतं

ऐकण्याबद्दल आधी विचारायला हवं होतं, आणि फक्त अंकलना नाही. प्रत्येक वादकाला एकाच कागदावर : तुम्हाला काय स्पष्ट ऐकू येतं, काय नाही, हेडफोन चालतात का, किती वेळ सलग बसता येतं. सगळ्यांना विचारलं की कुणा एकाला उघडं पडल्यासारखं वाटत नाही. हल्ली मी हे करते. तिशीतल्या दोन ड्रमरांनी त्यात कानात सतत शीळ वाजत असल्याचं लिहून दिलं आहे.

घरच्या तालमी स्टुडिओच्या आधी हव्या होत्या. पैसे वाचवायला म्हणून मी त्या टाळल्या आणि त्याहून जास्त पैसे एका दिवसात घालवले. करारही तेव्हाच, पहिल्या तालमीच्या चहाबरोबर, व्हायला हवा होता.

वॉल्ट्झबद्दल मी अजून विचार करते. चौथी वाट चुकीची होती असं मला वाटत नाही. पण सगळे जागेवर असताना, माइक हलवलेले नसताना, फक्त शेवटच्या त्या मात्रा चौघांनी मिळून पुन्हा वाजवल्या असत्या तर सोलोनंतरच्या विरामावर जोड बसला असता. ध्वनिमुद्रकानं तसं सुचवलंही होतं. अंकल दमलेले दिसत होते आणि मी "राहू दे" म्हणाले. पुन्हा तेच, सांभाळून घेणं. त्यांना विचारायचं तरी होतं. अंकल बहुतेक हो म्हणाले असते.

पाचही वह्यांत मिळून ६१ रचना आहेत, बऱ्याचशा अंकलच्या स्वतःच्या खुणांच्या भाषेत, दुसऱ्या कुणाला न लागणाऱ्या. बासवाला दर गुरुवारी पुण्याहून येतो, अंकल वाजवतात, तो स्वच्छ नोटेशन उतरवतो. सॅक्सोफोनवाली जमेल तेव्हा येते. गेल्या गुरुवारपर्यंत १७ झाल्या.